एकतिसावा परिच्छेद

१२ जानेवारी

पंपवाल्यांनी माझा निवाडा रद्द करा म्हणून कोर्टात अर्ज ठोकला आहे. सकाळी भाचीचा फोन आला. ती वकील आहे, कोर्टाच्या यादीत तिला नावं दिसली. "मामा, तुझ्या त्या वायसरच्या प्रकरणात अर्ज आलाय हं," असं म्हणाली, दारात दूधवाला आलाय म्हणावं तसं.

मला नोटीस नाही, पत्र नाही, साधा निरोप नाही. म्हणे निवाडा दिला की लवादाचं काम संपलं, त्याला कोण विचारतं! आठ महिने मी खपलो. सोळा बैठका घेतल्या. त्यांच्या वकिलाला सोसलं. त्याला मी मनातल्या मनात टोपण म्हणतो, कारण तो पेनाचं टोपण कानात घालून गोल फिरवतो आणि मग तेच दातांत धरून विचार करतो. सोळा बैठका मी हे तीन हातांवरून पाहिलंय. आणि आता हा गृहस्थ कोर्टाला सांगणार की मला रीत कळत नाही.

माझ्या मागे ही वही कुणाच्या हाती लागली तर त्याला उलगडा व्हावा म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. एक बाई आहेत. छोटासा कारखाना, दोन प्रेस, सात कामगार, रबराचे वायसर करतात. पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने त्यांचे वायसर घेतले. पंप गळायला लागले. कंपनीने गावभर बोंब मारली की बाईंनी हलकं रबर घातलं. बाईंचं म्हणणं, रबर ठरल्याप्रमाणेच आहे, तुम्ही पंपातलं तेल बदललंत म्हणून वायसर फुगले. करारात कलम होतं की भांडण झालं तर कोर्टात न जाता धंद्यातल्या जाणकाराने लवाद म्हणून निकाल द्यायचा. तो जाणकार मी. अडतीस वर्षं रबराच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली, त्यातली शेवटची पंधरा मुख्य म्हणून.

मी निवाडा दिला की वायसर चांगले होते आणि कंपनीने तेल बदललं होतं. बाईंना त्याचं मोल फार होतं, कारण त्या बोंबेनंतर त्यांच्या मालाला कुणी हात लावेना. निवाडा आल्याबरोबर त्यांनी पहिल्या पानाच्या प्रती काढून जुन्या गिऱ्हाइकांना धाडल्या. दोघं परतही आली. सगळा कारखाना त्या एका कागदावर उभा आहे.

रद्द करतायत म्हणे. करून तर बघू देत.

१४ जानेवारी

भाची येऊन गेली. माझा चव्वेचाळीस पानांचा निवाडा तिने चहा पिता पिता वाचला. मी समोर बसलो होतो. कुठे मान हलवते, कुठे भुवई उचलते ते बघत होतो. तीस परिच्छेद मान हलत होती. कंपनीच्या स्टोअरकीपरने उलटतपासणीत कबूल केलं होतं की मार्चपासून तेलाचे डबे दुसरे येतात, तिथे तर ती "व्वा" म्हणाली. एकतिसाव्यावर आली आणि कप खाली ठेवला.

"मामा, हे काय आहे?"

एकतिसावा परिच्छेद म्हणजे माझ्या निवाड्यातला हिरा. मी लिहिलं आहे: 'दोन्ही पक्षांचे कागद परस्परविरोधी असल्याने मी माझ्या ताब्यातील नमुन्यांचे मोहोरबंद पाकीट उघडून त्यातील दोन वायसर घेतले व माझ्या घरी एक करारातील तेलात व एक बदललेल्या तेलात सत्तर तास ऊन पाण्यात ठेवून वजन केले. पहिला सहा टक्के फुगला, दुसरा एकतीस टक्के. यापरता पुरावा नाही.' ते शेवटचं वाक्य मी दोनदा बदलून लिहिलं होतं.

"हे तू दोघांना कळवलं होतंस?"

"निवाड्यातच कळवलं की! लपवून ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी."

"निवाड्याच्या आधी, मामा."

तेवढ्यात ही आतून आली. "माझं मोठं पातेलं तीन दिवस अडकवून ठेवलं होतं त्यांनी," म्हणाली. "दर तासाला थर्मामीटर बुडवायचे. जेवणाला उठायचे नाहीत. मी तेव्हाच म्हटलं, अहो, त्या दोघांना सांगा तरी तुम्ही हे करताय ते."

हिला काय कळतंय त्यातलं. सांगितलं असतं तर टोपणाने तेलाचा डबा कुणी उघडायचा यावर तीन तारखा खाल्ल्या असत्या. भाची म्हणाली, "स्टोअरकीपरने कबूल केलं होतं, बाईंचा प्रयोगशाळेचा कागद होता. मग तुला याची गरज काय पडली?" गरज! जाणकार म्हणून नेमतात आणि वायसरला हात लावायचा नाही म्हणतात. मग नंदीबैल नेमायचा होता. गुबूगुबू वाजलं की मान हलवली असती त्याने.

भाची निघताना म्हणाली, "मामा, कोर्टात जाऊन बसू नकोस हं. लवादाने जायचं नसतं, बरं दिसत नाही." मी हो म्हटलं.

१० फेब्रुवारी

कोर्टात गेलो होतो. मागच्या बाकावर बसलो, कुणाला त्रास दिला नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ती पायरी तरी कुणी धुवावी. जिन्याच्या कोपऱ्यात थुंकीचे ओघळ, त्यावर 'थुंकू नये' ही पाटी, पाटीवरही थुंकलेलं. बाकावर आधीच्या माणसाच्या घामाचा ओलावा. पाण्याच्या पिंपाला साखळीने बांधलेला एक पेला, त्याच्या काठावर कुणाकुणाच्या ओठांचे डाग. दोन तास बसलो, घोटभर पाणी घशाखाली गेलं नाही. पुकारा झाला, टोपण उभा राहिला, "पुढची तारीख" म्हणाला आणि बसला. झालं! दोन तासांत दोन शब्द.

वायसरबाई पुढे बसल्या होत्या. निघताना मला बघून त्या थबकल्या. मला वाटलं बोलतील, पण त्या मान वळवून वकिलामागून जिना उतरल्या. टोपणाने मात्र मला वाकून नमस्कार केला आणि हसला. त्याच्या हसण्याने अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

१० फेब्रुवारी

भाचीचा फोन. मी कोर्टात होतो हे तिला कळलं. कुणी सांगितलं ते बोलली नाही. "तू गेलास ना, आता ते म्हणणार लवादाला बाईंचा कळवळा आहे." म्हणू देत. खुल्या कोर्टात बसायला मला कुणाची परवानगी लागते काय!

हिचे गुडघे दुखताहेत. दिवसभर तेल चोळून दिलं.

३ मार्च

गेलो. कसं नाही जाणार? आज खरा युक्तिवाद होता.

टोपणाने एकतिसावा परिच्छेद मोठ्याने वाचला. किती घाणेरडं वाचावं एखाद्याने! 'सत्तर तास ऊन पाण्यात' म्हणताना आवाज असा काढला की मागची माणसं हसली. मग म्हणाला, "महोदय, मोहोरबंद पाकीट. दोन्ही पक्षांच्या सह्या असलेलं. ते या लवादांनी आपल्या स्वयंपाकघरात, एकट्याने उघडलं. तेल कुठून आणलं? माहीत नाही. वजनकाटा कुणाचा? माहीत नाही. साक्षीदार? त्यांच्या पत्नी असतील, पातेलं त्यांचं होतं." पुन्हा हशा. त्याला पातेल्याचं कसं कळलं? निवाड्यात पातेलं लिहिलेलं आहे, मीच लिहिलं आहे, बेचाळिसाव्या पानावर तळटीप आहे. कोणत्या धातूचं तेसुद्धा.

माझी इच्छा होती उठून सांगावं की वजनकाटा माझा आहे, एकोणीस वर्षं जुना आणि एका मिलिग्रॅमने चुकत नाही. दोन्ही तेलं बाजारातून पावतीने आणलेली, पावत्या घरी आहेत. पण लवादाला बोलता येत नाही. म्हणजे माझ्याबद्दल सगळे बोलणार आणि मी भिंतीवरच्या घड्याळासारखं बसायचं.

जज्जबाईंनी एकच विचारलं. "लवादांनी ही चाचणी करण्यापूर्वी किंवा केल्यावर, निवाड्याआधी, पक्षकारांना कळवून त्यांचं म्हणणं मागवलं होतं का?"

वायसरबाईंच्या वकिलाने कागद चाळले. खूप वेळ चाळले. मग म्हणाला, "नोंदीत तसं दिसत नाही."

वायसर चांगले होते की नव्हते हे कुणी विचारलंच नाही. पूर्ण दुपार गेली. एका माणसाने वायसर हातात घेऊन दाबून पाहिला नाही. किळस आली मला त्या खोलीची.

२१ मार्च

रद्द.

२२ मार्च

काल लिहवलं नाही. आज भाची निकालाची प्रत घेऊन आली. अकरा पानं. त्यात रबर हा शब्द चार वेळा आहे, मी मोजला.

म्हणे: 'लवाद जाणकार आहेत याविषयी शंका नाही. परंतु जाणकारी ही पक्षकारांसमोर वापरायची असते. पक्षकारांच्या अपरोक्ष लवादांनी पुरावा निर्माण केला व त्यावर विसंबून निवाडा दिला. कंपनीस त्यावर बोलण्याची संधीच मिळाली नाही. चाचणीचा निष्कर्ष बरोबर असेलही, त्यात आम्हाला जाण्याचे कारण नाही.'

"बरोबर असेलही!" मी ओरडलोच. "बरोबर असेल तर रद्द कशाला?"

"मामा, कोर्ट तुझा निकाल बरोबर की चूक ते बघतच नाही. दोघांचं ऐकून घेतलं का, एवढंच बघतं. तू एक पत्र टाकायचं होतंस. मी असं असं करून पाहिलं, असं निघालं, तुमचं काय म्हणणं? त्यांचा वकील काहीतरी बरळला असता, तू ते फेटाळलं असतंस, आणि निवाड्याला देवाच्या बापाने हात लावला नसता."

"आणि तो परिच्छेदच नसता तर?"

हे मी का विचारलं कोण जाणे. भाची खिडकीकडे बघत म्हणाली, "तीस परिच्छेद पुरेसे होते, मामा."

मग आता? आता म्हणे पहिल्यापासून. नवा लवाद, नव्या बैठका, पुन्हा स्टोअरकीपर, आणि या वेळी त्याला पढवलेलं असेल. दोन वर्षं सहज. नवा लवाद निवृत्त जज्ज असेल म्हणते. त्याला रबर आणि चामडं यातला फरक कळला तरी मिळवली.

वायसरबाईंची परत आलेली दोन्ही गिऱ्हाइकं गेली, असंही भाची म्हणाली. निवाडा रद्द झाला की लोकांना वाटतं वायसर वाईट ठरले. कोर्टाने तसं म्हटलंच नाही, पण अकरा पानं कोण वाचतो? माणसं अशीच. चोराच्या उलट्या बोंबा ऐकतील आणि टाळ्या पिटतील.

हिने जेवताना विचारलं, "त्या बाईंना भेटून येता का?" मी म्हटलं, कशासाठी? मी काय पाप केलंय? हिने आमटी पुन्हा वाढली.

३० मार्च

ठरवलं. लिहिणार. रबराच्या धंद्याचं मासिक निघतं, प्रत्येक कारखान्यात जातं. जे कोर्टाने ऐकलं नाही ते आता सगळा धंदा ऐकेल. वायसर चांगले होते, हे आकड्यांसकट छापून येऊ दे. पंपवाल्यांचं तेल, टोपणाचं टोपण, तो साखळीतला पेला, सगळं लिहितो. बाईंचं नाव धुऊन निघेल. निवाड्याने जे झालं नाही ते चार पानांत होईल.

ही म्हणाली, "त्यांना विचारलंत का?"

"कुणाला?"

"त्या बाईंना. त्यांचंच नाव छापणार ना?"

"अगं, त्यांच्याच भल्याचं आहे. विचारायचं काय त्यात? बुडत्याला विचारतात का, हात देऊ का म्हणून?"

ही भाजी निवडत होती. "मागच्या वेळीही तुम्ही कुणाला न विचारताच पातेलं चढवलं होतंत," म्हणाली. हिच्या बोलण्याचा काही वेळा मला अर्थच लागत नाही.

८ एप्रिल

लेख पूर्ण. अठराशे शब्द. चाचणीचा तक्ता जोडला आहे, तासागणिक वजनासह. किती सुंदर तक्ता आहे! अडतीस वर्षांत मी इतकी स्वच्छ चाचणी केली नव्हती. स्वतः नेऊन पेटीत टाकला.

११ एप्रिल

संपादकांचा फोन. बेहद्द खूश. "साहेब, बॉम्ब आहे बॉम्ब! पहिल्या पानापासून घेतो. शनिवारी एकोणीस तारखेला अंक बाहेर." फार दिवसांनी जेवण गोड लागलं.

१७ एप्रिल, गुरुवार

आज दुपारी वायसरबाई घरी आल्या.

दार मीच उघडलं. हातात पत्र होतं, त्यांची आणि कंपनीची दोघांची सही असलेलं. माझ्याकडे उरलेलं नमुन्यांचं पाकीट परत द्यावं, असं. हिने त्यांना बसवलं, पाणी दिलं. जवळून पाहिलं तर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. बोटांच्या टोकांना प्रेसवरचे भाजल्याचे डाग. आठ महिने समोर बसल्या होत्या, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"पाकीट कशाला हवं?" मी विचारलं.

"तडजोड झाली, साहेब. सोमवारी कोर्टात दोघांनी सह्या करायच्या. ते पुन्हा माझ्याकडून वायसर घेणार. पिशवीवर नाव त्यांचं असेल, माझं नाही. पण प्रेस चालू राहतील, सातही जण राहतील."

"आणि तुम्ही काय देणार?"

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी लिहून देणार, की मागचा माल सदोष होता."

मला आधी कळेचना. मग मी उठून उभा राहिलो. म्हटलं, बाई, हे धडधडीत खोटं आहे! तुमचे वायसर चांगले होते, मी स्वतः बघितलंय, सत्तर तास बघितलंय! तुम्ही अशी सही कशी करू शकता? खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला त्यांची शिसारी आली. त्या माणसांनी एवढं केलं आणि ही बाई त्यांच्याच पायाशी जाऊन बसते. बोललोही तसं, थोड्या बऱ्या शब्दांत.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब, मला एक विचारायचं होतं. कोर्टात विचारणार होते, पण वकील म्हणाले बोलू नका. माझ्याकडे प्रयोगशाळेचा कागद होता. त्यांच्या माणसाने तुमच्यासमोर कबूल केलं होतं. तेवढ्यावर तुमचं मन भरलं नव्हतं का?"

"भरलं होतं की! पूर्ण भरलं होतं."

"मग?"

मी म्हटलं, खात्री. जाणकार माणूस खात्री करून घेतो. दुसऱ्याच्या कागदावर...

पुढचं वाक्य मी गिळलं. पण त्यांनी ते ऐकलं होतं. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनेही ऐकलं.

"म्हणजे माझा कागद दुसऱ्याचा," बाई म्हणाल्या. "बरं." मग म्हणाल्या, "दोन वर्षं आणखी लढायची ताकद नाही माझ्यात. फक्त सोमवारपर्यंत निभावू दे. त्यांच्या वकिलाने एक अट घातली आहे, माझ्या बाजूने कुठे एक ओळ छापून येता कामा नये, आली तर तडजोड मोडली. तो अजून म्हणतो, लवाद बाईंच्या खिशातला आहे, कोर्टातसुद्धा येऊन बसायचा." एवढं म्हणून त्या हसल्या. "मी म्हटलं, तुमचं काहीतरीच. ते गृहस्थ माझ्याशी कधी चार शब्द बोललेले नाहीत."

मी पाकीट आणायला आत गेलो. कपाटापाशी किती वेळ उभा होतो माहीत नाही. हिने मागून येऊन हळूच विचारलं, "शनिवारी ना?" मी मान हलवली. "मग सांगा त्यांना. आत्ता."

बाहेर आलो, पाकीट दिलं. बाईंनी मोजून घेतलं, पोच लिहून दिली, माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागे सरकलो. त्या गेल्या.

सांगितलं नाही मी.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी दार उघडायच्या आधी मासिकाच्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसलो. संपादक म्हणजे खरं तर रसायनांचा दलाल, मासिक हा त्याचा जोडधंदा. एका खोलीत शाईचा आणि शिळ्या मोज्यांचा वास. बोट जिभेला लावून पानं उलटतो आणि तेच बोट पुढच्या माणसासमोर धरतो. त्याने मला मुखपृष्ठ दाखवलं. पातेल्याचं चित्र होतं, त्यात दोन वायसर तरंगत होते. कोर्टात ज्याच्यावर हसले तेच मी स्वतः छापायला दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"लेख काढा," मी म्हटलं.

त्याला गंमत वाटली. संध्याकाळी छपाई आहे, म्हणाला. मुखपृष्ठ झालंय, लोकांना सांगून ठेवलंय. मी म्हटलं, माझा लेख आहे, मी मागे घेतो. तो म्हणाला, "घ्या की. कारण द्या." मी म्हटलं खाजगी कारण आहे. "साहेब, उद्या धंद्यातला प्रत्येक जण विचारेल, पंपवाल्यांनी किती दिले म्हणून. तुम्हाला नाही, मला विचारतील. मला तुमच्या हातचा कागद हवा, दाखवायला. नाहीतर अंक जातो तसा जातो."

"काय लिहू?"

त्याने पेन पुढे केलं. टोपण चावलेलं होतं. जगात सगळी पेनं चावलेलीच असतात की काय?

"लिहा, की चाचणीचे आकडे पक्के नाहीत. एवढं पुरे. आकडे पक्के नाहीत म्हटलं की कोण काय बोलणार?"

मी म्हटलं, दुसरं काही लिहितो. तब्येत बरी नाही, असं लिहितो. विस्मरण होतं, असं लिहितो. तो म्हणाला, विस्मरण झालेल्या माणसाचा लेख मी मुखपृष्ठावर घेतला असं होईल ते. घड्याळ बघायला लागला. फोन वाजला, तो घेतला, माझ्याकडे पाठ करून कार्बनच्या भावावर बोलत राहिला. मी पेन हातात धरून बसलो होतो.

अडतीस वर्षं. नापास मालाला पास म्हण, म्हणून मालकाने दम दिला होता एकदा, तेव्हा राजीनामा लिहून त्याच्या टेबलावर ठेवला होता. पास मालाला नापास म्हण असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बाईंना सांगितलं गेलं. सोमवारी त्या सगळ्यांसमोर उभ्या राहून सही करणार.

लिहिलं. 'सदर लेखातील चाचणीच्या आकड्यांविषयी मला स्वतःला खात्री नाही, सबब लेख मागे घेत आहे.' खाली सही केली, तारीख घातली, पूर्वीचा हुद्दाही लिहिला, कारण तो म्हणाला हुद्द्याशिवाय वजन येत नाही.

त्याने कागद वाचला, फाइलला लावला. "वाईट वाटलं हो. तुमच्यासारख्या माणसाकडून..." एवढंच म्हणाला. जिना उतरेपर्यंत वरून त्याचा आवाज येत होता. फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे नाही, रद्द केला लेख. म्हाताऱ्याने आकडे ठोकून दिले होते. हो ना, कोर्ट बरोबरच म्हणत होतं." त्याने आवाज दबवायचा प्रयत्नही केला नाही. मी कठडा धरून उभा राहिलो. कठडा चिकट होता. हात काढला नाही.

घरी आलो. हिला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मला वाटलं, ही म्हणेल, मी म्हटलंच होतं. ती म्हणाली, "हात धुवा. जेवून घ्या."

जेवताना मी म्हटलं, बाईंना जाऊन सांगू का, मी तुमच्यासाठी काय केलं ते? हिने पोळी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं. मग मीच म्हटलं, नको.

आकडे पक्के होते. वायसर चांगले होते. आता हे फक्त इथे लिहिलेलं आहे.